पाहिल्याची खूण

४ फेब्रुवारी

आज नोकरीचा पहिला दिवस झाला आणि मी खुशीत आहे, हे आधी लिहून टाकते. नंतर कुरकुर करायला लागले तर निदान एवढं तरी कागदावर असू दे.

कायद्याच्या एका जुन्या त्रैमासिकात पडताळणीकार म्हणून लागले. ताईला फोनवर सांगितलं तर म्हणाली, म्हणजे नक्की करणार काय तू? मी म्हटलं, प्राध्यापक लोक लेख लिहितात, खाली बारीक अक्षरात तळटिपा देतात, की अमुक निकाल अमुक खंडात अमुक पानावर आहे. तो तिथे खरंच आहे का, हे मी जाऊन बघायचं. ताई म्हणाली, अगं मग लहानपणी करायचीस तेच की, चहाड्या! आता पगार घेऊन करायच्या एवढंच. मागून तिची लेक खारू ओरडली की माऊला, म्हणजे मला, मावशीला, विचार तिथे जिना आहे का. जिना आहे, चांगला उंच आहे आणि कठडा घसरायला उत्तम आहे, असं मी कळवलं.

कचेरी विधी महाविद्यालयाच्या ग्रंथालयात सगळ्यात वरच्या मजल्यावर. लांबट खोली, भिंतीला लोखंडी मांडण्या, त्यांत न्यायनिवाड्यांचे जाडजूड खंड. माझ्या टेबलाचा एक पाय आखूड आहे, त्याखाली पुठ्ठ्याची घडी. बाहेर व्हरांड्यात एक बाकडं, लेखक मंडळी पूर्वी त्यावर बसून आपल्या मुद्रितांची वाट बघायची म्हणे. आता कोणी येत नाही. पानं लावणारे जुळणीकाका दोन चष्मे वापरतात आणि नेमका नको तो डोळ्यावर असतो. संपादक, म्हणजे सर, प्रत्येक वाक्याच्या आधी खाकरतात आणि नंतरही.

इथली एक रीत मला फार आवडली. निकाल मूळ पानावर पाहिला की तळटिपेशेजारी हिरव्या पेन्सिलने बारीक खूण करायची. सरांनी बजावून सांगितलं की ही खूण म्हणजे ‘बरोबर आहे’ असा शेरा नव्हे. ‘मी हे माझ्या डोळ्यांनी पाहिलं’ एवढाच तिचा अर्थ. लेख छापताना शेवटी पडताळणीकाराची आद्याक्षरं येतात, आणि त्या दोन अक्षरांच्या भरवशावर वकील आणि न्यायाधीश आमचा हवाला डोळे मिटून घेतात. ऐकताना माझी मान जरा ताठच झाली. नाकाने कांदे सोलायला मला कारण लागतंच कितीसं!

१३ फेब्रुवारी

कामाचा अंदाज आला. पूर्वी वर्षाला चार अंक निघायचे आणि दोघी पडताळणी करायच्या. आता महिन्याला अंक, आणि मी एकटी. त्रैमासिक हे नाव मात्र तसंच आहे, बदलायला कोणाला वेळ झाला नाही.

लेखांचा पूर आलाय. जो प्राध्यापक वर्षात एक लेख लिहायचा तो आठवड्याला एक पाठवतो, कारण लिहितं यंत्र. लेख बरा की वाईट हे ठरवणारे परीक्षक पण यंत्राकडूनच अभिप्राय लिहून घेतात. मी विचारलं, मग वाचतं कोण? काका म्हणाले, वाचायलाही यंत्रच, आपण फक्त चहा प्यायचा. आमच्याही कचेरीत ते आहे. समितीने दिलेलं नाव ‘सहायक’, काका म्हणतात ‘शहाणा’. आता मीही शहाणाच म्हणते. सर त्याच्याकडे ढुंकून बघत नाहीत, पण समितीने अंक वेळेवर मागितला की खाकरतात आणि गप्प बसतात.

खरं सांगायचं तर शहाणा मदतीला चांगला आहे. लांबलचक लेखाचा सारांश चुटकीसरशी देतो. लेख मात्र सगळे एका तोंडाचे वाटतात. भांडण नाही, राग नाही, कोणी कोणाला मूर्ख म्हणत नाही. जुन्या अंकांत विद्वान एकमेकांच्या झिंज्या उपटताना वाचून करमणूक तरी व्हायची.

२७ फेब्रुवारी

आज अंक छापायला जायचा होता. एका नामवंत प्राध्यापकांचा मुलांच्या ताब्याविषयीचा लेख उरला होता. सगळ्या टिपा पाहून झाल्या, एक सोडून. त्या टिपेतला खंड बांधणीला गेलेला. जुना निकाल होता: आई कामासाठी परगावी गेली आणि मूल मागे ठेवलं, तर तिने स्वतःहून ताबा सोडला असं धरावं.

काका घड्याळाकडे बघत होते. मी शहाण्याला विचारलं, असा निकाल आहे का? तो म्हणाला, आहे. आणि त्यातला परिच्छेदच वाचायला दिला. भाषा अगदी न्यायालयाची, जुनी, जड. बाई शिवणकाम करायची, निळी पिशवी घेऊन घरातून निघाली, असं तपशीलवार. एवढं कोण खोटं रचेल, असं माझ्या मनात आलं.

मी खूण केली.

सर म्हणाले की इतक्या वेळेवर पडताळणी या कचेरीत कित्येक वर्षांत झाली नव्हती. मला गुदगुल्या झाल्या. येताना खारूसाठी रंगीत खडू घेतले.

१९ मार्च

अंक निघून बरेच दिवस झाले. आज बांधणीवरून खंड परत आले. कोणी सांगितलं नव्हतं तरी मी ते पान उघडून बघितलं.

तिथे एका गोदामाला लागलेल्या आगीचा खटला आहे. विमा, पोती, जळालेलं छप्पर. आई नाही, मूल नाही, पिशवी नाही. मागची पुढची पानं चाळली, सूची चाळली, शेजारचे खंड काढले. नाही. असा निकाल कधी झालेलाच नाही.

लगेच उठून सरांकडे गेले. तर सर समितीच्या लोकांबरोबर बसलेले, आणि मला बघून म्हणाले की या बघा आमच्या नव्या पडताळणीकार, यांच्या डोळ्यांखालून काही निसटत नाही. सगळे माझ्याकडे बघून हसले. मीही हसले. माझी नोकरी कायम करायचं त्याच बैठकीत ठरलं.

मी मूग गिळून बाहेर आले. लेखकांना पत्र पाठवलं, मोघम. उत्तर क्षणात आलं, फार गोड, आभाराचं. ते त्यांच्या यंत्राने लिहिलेलं होतं. मला वाटतं त्यांनी स्वतःचा लेखही वाचलेला नाही. पण त्यांना कशाला बोलू? खूण माझी आहे. मी पाहिलं म्हणून सही केली आणि पाहिलं नव्हतं. आज आरशात बघायचीही लाज वाटतेय.

३ एप्रिल

नव्या लेखांपैकी तीन लेखांत तो निकाल आलाय. हवाला आमच्याच अंकाचा.

शहाण्याला पुन्हा विचारलं, हा निकाल खरा कशावरून? तो म्हणाला की एका अत्यंत विश्वासार्ह त्रैमासिकात तो पडताळून छापलेला आहे, आणि माझीच आद्याक्षरं मला दाखवली. मी म्हटलं, मी पाहिलेलं नाही. तो म्हणाला, गैरसोयीबद्दल क्षमस्व, परंतु पडताळणीकाराने स्वतः पाहिल्याची नोंद आहे. मग न विचारता त्या बाईबद्दल आणखी थोडं सांगितलं. वय बत्तीस. केस मागे घट्ट बांधलेले. हाताला सुई टोचल्याच्या खुणा.

तिन्ही लेखांत ती टीप मी खोडायला हवी होती. खोडली तर कारण लिहावं लागतं. काल मी त्या टिपा बिनखुणेच्या सोडल्या आणि आज काकांनी त्या तशाच लावल्या. म्हणजे डोळ्यांवर कातडं ओढलं, साध्या भाषेत.

१८ एप्रिल

ताईचं प्रकरण न्यायालयात लागलंय. हे इथे नीट लिहून ठेवते.

ताई परिचारिका आहे. गेल्या वर्षी वरच्या जागेसाठी प्रशिक्षणाला काही महिने दुसऱ्या शहरात गेली होती, तेव्हा खारू भावोजींकडे राहिली. ती आली, मग दोघांचं बिनसलं, आता वेगळे राहतात. खारू ताईकडे आहे आणि भावोजी तिचा ताबा मागताहेत. ताईची वकीलबाई म्हणते की प्रशिक्षणाला गेली म्हणून कोणी आईचं मूल काढून घेत नाही, निर्धास्त राहा.

ताईला लेखी म्हणणं द्यायचं होतं. ती बारा तास ड्यूटी करून दमलेली, मी म्हटलं मी देते लिहून. दुपारी कचेरीत शहाण्याला सगळं सांगितलं. खारू कशी झोपते, काय खात नाही, कठड्यावरून कशी घसरते, खारू हे नाव मी तिला का ठेवलं. गालात खाऊ साठवून बसायची म्हणून. त्याने फार सुंदर लिहून दिलं. ताई फोनवर वाचताना रडली. म्हणाली, धाकटे, तू आहेस म्हणून मी आहे ग.

तिचं हे वाक्य मला दिवसभर टोचत राहिलं.

२९ एप्रिल

व्हरांड्यातल्या बाकड्यावर आज एक बाई बसली होती. भर दुपार, ऊन थेट तिच्या अंगावर. मांडीवर निळी पिशवी.

मी कोण हवंय म्हणून विचारलं. ती म्हणाली की ज्यांनी मला पाहिलं त्यांना भेटायचंय. माझी आद्याक्षरं तिने बरोबर सांगितली. मला वाटलं कोणीतरी थट्टा करतंय. मग तिने पिशवी सावरली आणि बोटांवरच्या सुईच्या खुणा दिसल्या.

आत येऊन दार लावलं. काकांना म्हटलं, बाहेर बघा कोण आहे. ते बघून आले, चष्मा बदलून पुन्हा बघून आले. म्हणाले, आहे एक बाई, पण काय गंमत, चेहरा लक्षात राहत नाही.

माझ्याही नाही राहिला. वय बत्तीस, केस घट्ट बांधलेले, एवढं सांगता येतं. नाक कसं होतं, डोळे कसे होते, काही नाही. निकालात लिहिलंय आणि शहाण्याने सांगितलंय तेवढीच ती आहे.

३ मे

रोज येते. काही मागत नाही, ओरडत नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं.

आज मी तिच्या शेजारी जाऊन बसले. तिला सांगितलं, तुम्ही नाही आहात हो, चूक झाली, माझी चूक आहे. ती शांतपणे ऐकत होती. म्हणाली की मी कुठे गेलेच नव्हते, मूल टाकून तर नाहीच, पण तसं लिहिलंय आणि तुम्ही पाहिलंत, त्यामुळे तसंच झालं असणार. मीच एका बाईला जन्माला घातलं ते तिच्या कपाळी कलंक लावूनच.

मग म्हणाली, मुलाचं नाव निकालात नाही. मुलगा की मुलगी तेही नाही. आठवायला जाते तर तिथे काहीच नाही. तुम्हाला माहीत असेल. तेवढं सांगा, मग मी येणार नाही.

मी म्हटलं, उद्या सांगते. खोटं बोलायची सवय लागते ती अशी.

६ मे

लिहायला हात होत नाही. पण लिहिते.

ती दारात उभी होती. सर आत होते, कोणत्याही क्षणी बाहेर आले असते आणि तिला बघून, ही कोण, असं विचारलं असतं. मला फक्त ती जायला हवी होती. मी शहाण्याला घाईघाईने विचारलं, त्या निकालातल्या मुलाचं नाव काय? उत्तर आलं आणि मी ते मोठ्याने वाचलं. वाचून झाल्यावर मला कळलं की मी काय वाचलं.

खारू.

मीच त्याला सांगितलं होतं. ताईचं म्हणणं लिहिताना, सगळं, झोपण्याखाण्यासकट. त्याच्याकडे एक आई होती आणि एक मूल होतं, त्याने जोडून दिलं.

ती बाई पहिल्यांदा हसली. नाव पुन्हा पुन्हा म्हणून बघितलं. मी म्हटलं, नाही, थांबा, हे तिचं नाही, हे दुसऱ्या— ती जिना उतरून गेली होती. आणि मला, ती गेली म्हणून, सुटल्यासारखं वाटलं. थू माझ्या जिनगानीवर.

१० मे

ताईचा फोन. हसत सांगत होती की खारूचा उन्हाळी वर्ग शाळेतच भरतो, तिथल्या फाटकाशी एक बाई उभी असते, फ्रॉकाची उसवलेली शिवण तिने तिथल्या तिथे शिवून दिली. खारू म्हणते ती पण माझी आईच आहे. पोरं काहीही बोलतात, नाही का ग?

मी म्हटलं, शाळेला सांगून ठेव. कोणाबरोबर सोडू नका म्हणावं. ताईने विचारलं, का? मी म्हटलं, असंच.

असंच!

१४ मे

भावोजींच्या वकिलाने तो निकाल पुढे केला. आमचा अंक, आमचं पान. ताईची वकीलबाई गडबडली. तिने तिच्या यंत्राला विचारलं, न्यायालयाच्या कारकुनाने त्यांच्या यंत्राला विचारलं, सगळीकडून एकच उत्तर: निकाल आहे, पडताळलेला आहे.

ताईने मला विचारलं. तू तिथेच आहेस ना, जरा जाऊन बघ ना, खरंच असं काही आहे का? तिच्या आवाजात धीर होता. माझ्यामुळे होता.

तेव्हा सांगायला हवं होतं. दोन शब्द. मी म्हटलं, बघते.

१७ मे

आज सरांना सगळं सांगितलं. बांधणीला गेलेला खंड, खूण, गोदाम, सगळं. मान खाली घालून. सर खाकरायचंही विसरले. मग म्हणाले, चला, खंड काढा, पान दाखवा, आजच्या आज माघार छापू. रागावले नाहीत, आणि त्यानेच मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मी खंड काढला. पान उघडलं.

गोदाम नाही. आग नाही. शिवणकाम करणारी बाई, निळी पिशवी, परगाव. सगळं, त्याच जुन्या टायपात, पिवळट कागदावर, कोपऱ्यात वाळवीने खाल्लेल्या छिद्रासकट. शेवटच्या ओळीत मुलीचं नाव.

सर सुस्कारा सोडून हसले. म्हणाले, तुम्हाला विश्रांतीची गरज आहे. खांद्यावर थोपटून गेले.

आणि एक क्षण मला हायसं वाटलं. वाटलं, चला, खूण खरी ठरली, नोकरी वाचली, कोणाला काही कळणार नाही. ताई आठवायच्या आधी हे वाटलं. सगळ्यात जास्त लाज मला याची आहे. त्या क्षणाची. बाकीच्या सगळ्याला निमित्त तरी होतं.

२० मे

न्यायालयात गेले. न बोलावता उभी राहिले. सांगितलं की हा निकाल खोटा आहे, मी न पाहता खूण केली.

समोरच्या वकिलाने फार सभ्यपणे विचारलं की ही आद्याक्षरं तुमची का. हो. आज ते पान उघडलं तर निकाल तिथे दिसतो का. मी— हो. दिसतो. मग पाहिलं नाही असं कसं म्हणता, बाई.

कोणीतरी हसलं. मी मागे वळून ताईकडे बघितलं. तिला तोपर्यंत माहीत नव्हतं, ती खूण माझी आहे ते. ती रडत नव्हती, चिडलेली नव्हती. फक्त माझ्याकडे बघत होती, ओळख पटवत असल्यासारखी.

अंतिम निकाल होईपर्यंत ताबा भावोजींकडे. आईने स्वतःहून सोडला असं धरून.

२२ मे

भावोजींचा फोन, ओरडत. खारू कुठे आहे, तुम्ही बहिणींनी लपवली का. शाळेतून आई घेऊन गेली म्हणे. शाळा म्हणते कागद बरोबर होता. छापील निकाल, नाव, सगळं. वर्गाच्या बाईंनी पोरीला विचारलं, ही कोण ग? पोरगी म्हणाली, आई.

ताई ड्यूटीवर होती.

पोलीस विचारतात बाई दिसायला कशी. वय बत्तीस. केस मागे बांधलेले. पुढे? पुढे काही नाही. पुढे कोणी लिहिलेलंच नाही.

२४ मे

शहाण्याला विचारलं, खारू कुठे आहे. — आईजवळ आहे.

विचारलं, कुठल्या आईजवळ. — निकालात एकाच आईचा उल्लेख आढळतो.

ताईच्या घरी गेले. भिंतीवरचे खडूचे रंग तसेच. ताई ते ओल्या फडक्याने पुसत होती. म्हणाली, कोणाच्या पोरांनी रेघोट्या मारल्यात बघ.

२५ मे

ताईचे फोटो बघितले. सगळ्यांत ती एकटी आहे. हात जरा बाजूला धरलेला, कोणाला तरी धरल्यासारखा, आणि तिथे—

खारूचा जन्माचा दाखला शोधला. नाही.

सरांना विचारलं, मला एक भाची होती, मी तिच्याबद्दल बोलायचे, आठवतं ना? सर खाकरले. काकांनी दोन्ही चष्मे लावून बघितलं माझ्याकडे. म्हणाले, तुझी बहीण एकटीच असते ना ग.

मी हे केलं. मीच.

२६ मे

बाकड्यावर आज ती बाई नव्हती.

ताई होती. परिचारिकेच्या कपड्यांत, सरळ ड्यूटीवरून आलेली. हात मांडीवर. मला बघून उठलीसुद्धा, अनोळखी माणसासमोर उठावं तशी, मग पुन्हा बसली.

म्हणाली, धाकटे, एक विचारायचं होतं. मला एक मुलगी होती असं आतून वाटतंय. दूध येत नाही पण छाती भरून येते. तिचं नाव काय होतं, तेवढं सांग.

मी म्हटलं, खारू. खारू, ताई!

ती म्हणाली, ती तर त्या बाईची ग. छापलंय ना तसं. तूच पाहिलंस. माझ्या लेकीचं नाव काय होतं? तू तिला पाहिली होतीस ना? तू म्हणालीस तर मी मानेन. कोणी नाही मानलं तरी मी मानेन.

ती समोर बसून वाट बघतेय. मी इथेच लिहिते आहे, म्हणजे विसरणार नाही. — पाहिली होती ताई, मी या डोळ्यांनी पाहिली होती, तिचे केस — तिचे गाल असे — ती हसायची तेव्हा तिचे —